अमेरिकेतले ग्वाटेमालन आणि इंडोनेशियन: परिस्थितीत इतका फरक कशामुळे?

न्यू जर्सीचं एडिसन मराठी माणसाला नव्याने सांगावं लागत नाही. कुणाचा ना कुणाचा भाचा, मावसभाऊ नाहीतर कॉलेजचा मित्र तिथे किंवा आसपास असतोच. पण एडिसनला खेटून असलेल्या हायलंड पार्कमध्ये, मेटचनमध्ये, वुडब्रिजच्या ॲव्हेनेल भागात इंडोनेशियन कुटुंबं राहतात. जवळच्याच प्लेनफिल्डमध्ये आणि थोडं लांब, राजधानी ट्रेंटनमध्ये, ग्वाटेमालाहून आलेल्यांची मोठी वस्ती आहे. तिथे वर्षानुवर्षं राहणाऱ्या आपल्या लोकांनाही हे बऱ्याचदा ठाऊक नसतं. अंगणातलं गवत कापणारा किंवा छपरावर चढून काम करणारा माणूस दिसला की आपण त्याला सरसकट मेक्सिकन ठरवतो. इंडोनेशियन माणूस दिसला तर तो फिलिपिनो नाहीतर चिनी.

या दोन समाजांचे आकडे शेजारी ठेवले की पहिल्या नजरेत चित्र सरळ वाटतं. अमेरिकेत २५ वर्षांवरच्या ग्वाटेमालनांपैकी साधारण दहातल्या एकाकडेच पदवी आहे. इंडोनेशियनांमध्ये जवळपास निम्म्यांकडे. सगळी कुटुंबं उत्पन्नाच्या क्रमाने रांगेत उभी केली तर बरोबर मधल्या इंडोनेशियन कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २०१९ च्या सुमारास सत्तर हजार डॉलरच्या घरात होतं, ग्वाटेमालन कुटुंबाचं पन्नास हजारांच्या थोडं वर. दारिद्र्यरेषेखाली असण्याचं प्रमाण ग्वाटेमालनांमध्ये बरंच जास्त. शिवाय या उत्पन्नाच्या आकड्यात एक मेख आहे. ग्वाटेमालन घरात कमावणारी माणसं जास्त असतात. दोन भाऊ, एकाची बायको, गावाकडचा एक पोरगा असे चौघं मिळून भाडं भरतात आणि चौघांची मजुरी मिळून ते 'कुटुंबाचं उत्पन्न' होतं. माणशी हिशोब केला तर दरी आणखी रुंद दिसते.

इथे थांबलं की गप्पांमध्ये नेहमीचं वाक्य येतं: आशियाई लोक शिकतात, कष्ट करतात, म्हणून पुढे जातात. हे वाक्य आपल्याला आवडतं, कारण त्यात आपलंही कौतुक आपोआप होऊन जातं. माझ्या मते ते चूक आहे, आणि का चूक आहे ते समजायला उत्पन्नाच्या आधी एक वेगळंच गणित मांडावं लागतं.

ग्वाटेमालाची लोकसंख्या पावणेदोन कोटींच्या आसपास. अमेरिकेत ग्वाटेमालन मुळाचे लोक, तिथे जन्मलेली मुलं धरून, साधारण अठरा लाख. म्हणजे देशात दहा माणसं असतील तर एक अमेरिकेत. इंडोनेशियाची लोकसंख्या सत्तावीस कोटींच्या वर आणि अमेरिकेतले इंडोनेशियन लाख-दीड लाख. म्हणजे दोन हजारांत एक.

दहातला एक निघतो तेव्हा त्यात शेतमजूर, गवंडी, विणकर, शाळा सोडलेली पोरं असे सगळेच असतात. दोन हजारांतला एक निघतो तेव्हा तो कोण असेल? ज्याच्याकडे पासपोर्ट आहे, विमानाच्या तिकिटाचे पैसे आहेत, आणि जकार्त्यातल्या अमेरिकी वकिलातीत बँकेचं पासबुक दाखवून 'मी परत येईन' असं पटवून देता येतं, असा माणूस. ग्वाटेमाला सिटीपासून टेक्ससची सीमा मेक्सिकोतून जमिनीने सुमारे दोन हजार किलोमीटरवर आहे. जकार्ता ते लॉस एंजेलिस चौदा हजार किलोमीटर, मध्ये पॅसिफिक महासागर. अंतर, तिकीट आणि व्हिसा मिळून एक चाळणी होते. या चाळणीची भोकं एका देशासाठी मोठी आहेत आणि दुसऱ्यासाठी अगदी बारीक. अमेरिकेत दिसतो तो चाळणीखाली पडलेला ऐवज, आणि आपण त्यावरून अख्ख्या देशाची पारख करतो.

भारताबाबतही हेच झालंय. अमेरिकेतल्या भारतीयांमध्ये चारातल्या तिघांकडे तरी पदवी आहे, कारण ते विद्यार्थी व्हिसावर किंवा एच-१बी वर गेले. त्यांच्याकडे बघून कुणी यवतमाळच्या शेतमजुराचं उत्पन्न सांगायला लागला तर आपण हसू. ग्वाटेमालाबद्दल बोलताना मात्र आपणही तेच करतो, फक्त उलट्या बाजूने.

मग इंडोनेशियातला गरीब मजूर जातो कुठे? तो मलेशियाला जातो, पाम तेलाच्या मळ्यात आणि बांधकामावर. बायका सौदी अरेबिया, हाँगकाँग, तैवानमध्ये घरकामाला जातात. हाँगकाँगमध्ये दीड लाखांच्या आसपास इंडोनेशियन घरकामगार आहेत. अमेरिकेतल्या सगळ्या इंडोनेशियनांइतकाच हा आकडा झाला. म्हणून तुलना करायचीच तर लॉस एंजेलिसमध्ये घरकाम करणारी ग्वाटेमालन बाई आणि हाँगकाँगमध्ये घरकाम करणारी पूर्व जावाची बाई यांची करावी. दोघी कर्ज काढून निघालेल्या, दोघींची मुलं गावी आजीकडे. फरक असा, की हाँगकाँगची बाई पूर्ण कायदेशीर आहे, पण तिला मालकाच्याच घरात राहावं लागतं, करार मोडला तर दोन आठवड्यांत देश सोडावा लागतो, आणि वीस वर्षं काम केलं तरी कायमचा रहिवास मिळत नाही. लॉस एंजेलिसच्या बाईकडे कागद नाही, पण ती स्वतःची खोली घेऊ शकते, काम बदलू शकते, आणि तिथे तिला मूल झालं तर ते अमेरिकेचं नागरिक असतं. कोणाची अवस्था बरी, हे मला ठरवता येत नाही.

निघायची वेळ का आली

ग्वाटेमालाची गोष्ट जमिनीपासून सुरू होते. १९५२ साली हाकोबो आर्बेन्स या निवडून आलेल्या राष्ट्राध्यक्षाने पडीक जमीन भूमिहीनांना वाटण्याचा कायदा केला. देशातली सर्वांत मोठी जमीनदार होती युनायटेड फ्रूट ही अमेरिकन केळी कंपनी. १९५४ साली सीआयएच्या पाठबळाने आर्बेन्सचं सरकार उलथवलं गेलं आणि वाटलेली जमीन बहुतांश परत घेतली गेली. १९६० ते १९९६ अशी छत्तीस वर्षं यादवी युद्ध चाललं. युद्धानंतर संयुक्त राष्ट्रांच्या पाठिंब्याने नेमलेल्या सत्यशोधन आयोगाने १९९९ साली अहवाल दिला: दोन लाखांहून अधिक माणसं मारली गेली किंवा बेपत्ता झाली, ओळख पटलेल्या बळींपैकी ८३ टक्के माया आदिवासी, आणि १९८१ ते १९८३ या काळात काही भागांत लष्कराने वंशसंहाराची कृत्यं केली. याच काळात, १९८२ च्या मार्चमध्ये, जनरल रिओस मॉन्त सत्तेवर आला. वेवेतेनांगो, किचे या डोंगराळ जिल्ह्यांतली गावंच्या गावं जाळली गेली. माणसं आधी मेक्सिकोत आणि तिथून अमेरिकेत शिरली.

युद्ध संपलं तरी ओघ थांबला नाही. देशातली पाच वर्षांखालची जवळपास निम्मी मुलं कुपोषणाने खुरटलेली आहेत, माया भागांत त्याहून जास्त. कॉफीवरचा तांबेरा, दुष्काळ, खंडणीखोर टोळ्या ही नंतरची कारणं. पण मुळात वाट आधीच पडलेली होती. काका गेला, मग पुतण्या गेला.

इंडोनेशियातून अमेरिकेत गेलेले लोक अनेक वेगवेगळ्या लाटांतले आहेत आणि त्या लाटांचा एकमेकींशी फारसा संबंध नाही. पहिले गेले ते डच-इंडोनेशियन मिश्र वंशाचे लोक. स्वातंत्र्यानंतर ते आधी नेदरलँड्सला गेले, आणि १९५० च्या दशकाच्या शेवटी खास कायद्याने त्यांना अमेरिकेत प्रवेश मिळाला. बरेच जण दक्षिण कॅलिफोर्नियात स्थिरावले. मग विद्यार्थी. मग चिनी वंशाचे व्यापारी-व्यावसायिक. १९६५-६६ च्या कत्तलीत, ज्यात किमान पाच लाख माणसं मारली गेली असं मानतात, कम्युनिस्ट ठरवून जे संपवले गेले ते मुख्यतः गावाकडचे गरीब होते. ते अमेरिकेला पळू शकलेच नाहीत. चाळणी तेव्हाही होतीच.

मोठी लाट आली ती १९९८ च्या आसपास. आशियाई आर्थिक संकटात रुपिया कोसळला. १९९७ च्या मध्यावर डॉलरला सुमारे २,४०० रुपिया मोजावे लागत होते, वर्षभरात तो भाव १६,००० च्या आसपास गेला. तांदूळ, तेल, औषधं महागली, आणि राग निघाला चिनी वंशाच्या दुकानदारांवर. मे १९९८ मध्ये जकार्ता आणि इतर शहरांत दंगली झाल्या, हजाराच्या वर माणसं मेली, चिनी बायकांवर बलात्कार झाले. २१ मे रोजी राष्ट्राध्यक्ष सुहार्तोने राजीनामा दिला. त्यानंतर चिनी वंशाचे आणि ख्रिस्ती इंडोनेशियन टुरिस्ट व्हिसा काढून विमानात बसले. म्हणूनच जगातला सर्वांत मोठा मुस्लिम लोकसंख्येचा देश असूनही, अमेरिकेतल्या इंडोनेशियन वस्त्यांत दर कोपऱ्यावर चर्च दिसतं. न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये मशीद अल-हिकमा आहे, ती इंडोनेशियन समाजाचीच. पण न्यू हॅम्पशायरमधल्या सॉमर्सवर्थ, डोव्हर, रॉचेस्टर या छोट्या गावांतले इंडोनेशियन बहुतेक उत्तर सुलावेसीतल्या मानादोकडचे प्रोटेस्टंट, आणि कॅलिफोर्नियातल्या लोमा लिंडाकडचे बरेचसे ॲडव्हेंटिस्ट या ख्रिस्ती पंथाचे.

विमानतळावरचा शिक्का

आता या सगळ्यातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा, आणि सर्वांत कमी बोलला जाणारा मुद्दा. कागदपत्रं नसलेले लोक दोन्ही समाजांत आहेत. पण 'कागद नाहीत' याचे कायद्याच्या नजरेत दोन प्रकार आहेत.

इंडोनेशियन माणूस टुरिस्ट व्हिसावर आला, विमानतळावर अधिकाऱ्याने त्याला तपासून आत सोडलं, सहा महिन्यांची मुदत दिली, आणि तो परत गेलाच नाही. तो बेकायदा आहे, पण त्याचा प्रवेश कायदेशीर होता. ग्वाटेमालन माणूस ॲरिझोनाच्या वाळवंटातून चालत आला. त्याचा प्रवेशच नोंदलेला नाही.

दोघांनी अमेरिकन नागरिकाशी लग्न केलं असं धरा. पहिल्याला, बाकी काही भानगड नसेल तर, मुदत कितीही उलटून गेली असली तरी अमेरिकेत राहूनच ग्रीन कार्डाचा अर्ज करता येतो. दुसऱ्याला साधारणपणे तो तिथे बसून करता येत नाही. देशाबाहेर जाऊन वकिलातीतून यावं लागतं. आणि १९९६ च्या कायद्याप्रमाणे, वर्षाहून अधिक काळ बेकायदा राहिलेला माणूस देशाबाहेर पडला की त्याच्यावर दहा वर्षांची प्रवेशबंदी लागते. म्हणजे कागद करायला बाहेर जावं तर दहा वर्षं आत येता येत नाही, आणि बाहेर न जावं तर कागद होत नाहीत. माफीचा अर्ज करण्याची सोय आहे, पण ती वेळखाऊ, खर्चाची आणि अधिकाऱ्याच्या मर्जीवरची. एकाच रेस्टॉरंटच्या स्वयंपाकघरात शेजारी उभे राहून कांदा चिरणाऱ्या दोघांचं पुढचं आयुष्य या एका शिक्क्यावर फिरतं. एकाला पाच वर्षांत स्वतःच्या नावावर दुकान काढता येतं. दुसरा वीस वर्षं तिथेच, तसाच.

तारखांचंही असंच. १९८६ साली रेगन यांच्या काळात अमेरिकेने लाखो बेकायदा स्थलांतरितांना कायदेशीर केलं. मुख्य अट होती: १ जानेवारी १९८२ च्या आधीपासून अमेरिकेत असायला हवं. ग्वाटेमालातली गावं जळाली ती मुख्यतः १९८१ ते १९८३ मध्ये. सर्वांत जास्त होरपळलेले लोक बरोबर त्या तारखेनंतर पोचले आणि बाहेर राहिले. आश्रय मागावा तर १९८० च्या दशकात ग्वाटेमालनांच्या शंभर अर्जांत जेमतेम एक-दोन मंजूर होत होते, कारण ग्वाटेमालाचं सरकार अमेरिकेचं मित्र होतं. मित्राच्या राज्यात छळ होतो असं कसं लिहून देणार? शेवटी चर्चसंस्थांनी सरकारवर खटला भरला आणि १९९१ मध्ये तडजोड होऊन जुने अर्ज नव्याने ऐकायचं ठरलं. १९९७ च्या कायद्याने त्यातल्या जुन्या लोकांना वाट मिळाली, पण निकारग्वाच्या लोकांना जवळपास सरळ ग्रीन कार्ड आणि ग्वाटेमालनांना एकेकाची सुनावणी. नंतर वादळ आणि भूकंपांमुळे होंडुरास, निकारग्वा, एल साल्वादोर या शेजाऱ्यांना हद्दपारीपासून तात्पुरतं संरक्षण मिळालं. ग्वाटेमालाने मागितलं, त्याला दिलं नाही.

इंडोनेशियनांचंही सगळं गोड नाही

शिक्का असूनही इंडोनेशियन अडकले, आणि तेही १९९६ च्याच कायद्यात. त्या कायद्याने आश्रयाचा अर्ज अमेरिकेत आल्यापासून एका वर्षात करण्याची अट घातली. १९९८ नंतर आलेल्या अनेकांना हे माहीतच नव्हतं. वातावरण निवळलं की परत जाऊ, या आशेवर ते मिळेल ते काम करत बसले आणि वर्ष उलटून गेलं.

मग आला ११ सप्टेंबरनंतरचा नोंदणीचा फतवा. २००२-०३ मध्ये सरकारने पंचवीस देशांतून तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या पुरुषांना स्वतःहून कार्यालयात येऊन नाव नोंदवायला सांगितलं. उत्तर कोरिया सोडला तर जवळपास सगळे मुस्लिमबहुल देश. त्यात इंडोनेशिया होता. मुस्लिमबहुल देशातून ख्रिस्ती म्हणून पळून आलेले हे लोक मुस्लिम दहशतवादाच्या संशयावरून रांगेत उभे राहिले. नियम पाळला तर आपलं काही वाकडं होणार नाही असं त्यांना वाटलं. नोंदणीमुळे त्यांचे पत्ते सरकारला मिळाले आणि ज्यांची मुदत उलटली होती त्यांच्यावर हद्दपारीचे खटले सुरू झाले. ज्यांनी नोंदणी टाळली ते कित्येक वर्षं निवांत राहिले. कायदा पाळणाऱ्यालाच शिक्षा, याचं याहून ठळक उदाहरण मला तरी माहीत नाही.

२००६ च्या मे महिन्यात ॲव्हेनेलमधल्या एका अपार्टमेंट संकुलावर रात्री छापा पडला आणि तीसहून अधिक इंडोनेशियन पुरुषांना उचलून नेलं. २०१२ मध्ये हायलंड पार्कच्या रिफॉर्म्ड चर्चमध्ये काही इंडोनेशियनांनी आश्रय घेतला आणि जवळपास वर्षभर त्यांनी चर्चचं आवार सोडलं नाही, कारण बाहेर पाऊल टाकलं तर अटक. या चर्चचे पाद्री सेथ केपर-डेल यांनी ही लढाई पुढे वर्षानुवर्षं चालवली. न्यू हॅम्पशायरमधल्या इंडोनेशियनांना दर काही महिन्यांनी हजेरी लावायच्या अटीवर राहू दिलं जात होतं. २०१७ मध्ये त्यांना अचानक तिकीट काढून निघायला सांगितलं. बॉस्टनच्या फेडरल न्यायाधीश पॅटी सॅरिस यांनी ती हद्दपारी थांबवली.

म्हणून 'इंडोनेशियन कुटुंबाचं उत्पन्न सत्तर हजार' हा आकडा जपून वापरावा. त्यात सिएटलचा सॉफ्टवेअर इंजिनियर आहे आणि दक्षिण फिलाडेल्फियातला कामगारही आहे. दक्षिण फिलाडेल्फियात इंडोनेशियन वॉरुंग आहेत, म्हणजे आपल्या खानावळींसारखी छोटी हॉटेलं. पण त्याच गल्ल्यांतून पहाटे कंत्राटदारांच्या व्हॅन माणसं भरून गोदामांकडे आणि कारखान्यांकडे जातात. जकार्त्यात ज्याचं दुकान होतं तो इथे खोकी पॅक करतो. त्याच्याकडे पदवी आहे, पण ती इथे चालत नाही. हा माणूस ग्वाटेमालन मजुराच्या जवळचा आहे, इंजिनियरच्या नाही.

काम कसं मिळतं

ग्वाटेमालनांबाबत मात्र कामाची गोष्ट थोडी खोलात सांगायला हवी, कारण ते जिथे पोचले ते आपल्या आपण पोचले नाहीत. फ्लोरिडात इंडियनटाऊन नावाचं छोटं गाव आहे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ग्वाटेमालातल्या सान मिगेल आकातानकडचे कान्होबाल भाषक माया लोक तिथे संत्री तोडायला आले. त्या दशकाच्या शेवटी नॉर्थ कॅरोलायनातल्या मॉर्गनटन इथल्या कोंबडी कापण्याच्या कारखान्याला माणसं मिळेनात. कंपनीची माणसं थेट इंडियनटाऊनला आली आणि व्हॅन भरून मजूर घेऊन गेली. त्यांनी गावाकडच्यांना बोलावलं. काही वर्षांत डोंगराळ ॲपलेशियाच्या पायथ्याशी माया गाव उभं राहिलं. कंपनीचा अंदाज असावा की हे लोक मुकाट काम करतील. १९९५ मध्ये त्यांनी संप केला आणि मतदान करून युनियन आणली. कंपनीने मात्र शेवटपर्यंत करार केला नाही.

ह्यूस्टनमध्ये ग्वाटेमालातल्या टोटोनिकापानकडच्या पुरुषांनी एका सुपरमार्केट साखळीतली साफसफाई-देखभालीची कामं जवळजवळ आपल्याच गोतावळ्यात ठेवली. एक लागला, त्याने शब्द टाकून दुसऱ्याला लावला. बायका मात्र श्रीमंत घरांत चोवीस तास राहून काम करत. त्यांना ना ओळखी वाढवता आल्या, ना १९८६ च्या कायद्यासाठी लागणारे पुरावे गोळा करता आले. एकाच गावच्या पुरुषांना कागद मिळाले, बायकांना त्या मानाने कमी.

आणि पोस्टव्हिल. आयोवा राज्यातल्या या छोट्या गावातल्या मांस कारखान्यावर १२ मे २००८ रोजी छापा पडला. ३८९ जणांना अटक झाली, त्यातले बहुसंख्य ग्वाटेमालन. वॉटर्लू इथल्या गुरांच्या प्रदर्शनाच्या मैदानात तात्पुरतं न्यायालय मांडलं गेलं आणि माणसांना बेड्या घालून दहा-दहाच्या गटाने उभं केलं गेलं. आरोप होता ओळख चोरल्याचा, म्हणजे दुसऱ्याचा सोशल सिक्युरिटी क्रमांक, नोकरीसाठी लागणारा सरकारी क्रमांक, वापरल्याचा. त्यांच्यापैकी कित्येकांना हा क्रमांक म्हणजे काय हेच ठाऊक नव्हतं. कारखान्यात कागद भरून दिले गेले, त्यांनी सही केली. बहुतेकांनी गुन्हा कबूल करून पाच महिन्यांची कैद घेतली, कारण खटला लढायचा तर त्याहून जास्त काळ आत बसावं लागलं असतं. पुढच्याच वर्षी दुसऱ्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं की क्रमांक खऱ्या माणसाचा आहे हे आरोपीला माहीत होतं, असं सिद्ध केल्याशिवाय हा गुन्हा होत नाही. तोवर पोस्टव्हिलचे लोक शिक्षा भोगून हद्दपार झालेले होते.

त्या मैदानातल्या दुभाष्यांची भाषा होती स्पॅनिश. अनेक आरोपींची मातृभाषा काक्चिकेल. ग्वाटेमालात बावीस माया भाषा बोलल्या जातात आणि डोंगरातल्या माणसाला स्पॅनिश कामचलाऊच येते, आपल्याकडे मेळघाटातल्या कोरकू म्हाताऱ्याला मराठी येते तितपत. अमेरिकेच्या इमिग्रेशन न्यायालयांत माम, किचे या भाषांची मागणी आता इतकी वाढली आहे की कधी कधी दोन दुभाषे लागतात: एक मामचं स्पॅनिश करणार, दुसरा स्पॅनिशचं इंग्रजी. तारीख, नावं, कुणी कधी धमकी दिली, हे सगळं दोनदा उलटून न्यायाधीशापर्यंत पोचतं, आणि तपशिलात जरा फरक पडला की 'जबाब विश्वासार्ह नाही'. शाळेतही हेच. कागदावर मूल 'स्पॅनिश भाषक' म्हणून नोंदलं जातं, त्याला स्पॅनिश शिक्षिका मिळते, आणि ते दोन्हीकडे गप्प बसतं. इंडोनेशियनांना हा त्रास नाही. घरी जावानीज किंवा मानादोची बोली असली तरी बहासा इंडोनेशिया सगळ्यांना लिहिता-वाचता येते.

कर्ज आणि पैसे

ग्वाटेमालन माणूस शून्यापासून सुरू करत नाही, शून्याच्या खालून करतो. सीमेपार नेणाऱ्या दलालाला दहा हजार डॉलर आणि वर द्यावे लागतात. त्यासाठी जमिनीचा तुकडा नाहीतर वडिलांचं घर सावकाराकडे गहाण पडतं, व्याज दरमहा. पहिली दोन-तीन वर्षं मजुरीचा मोठा भाग यातच जातो. मध्येच हद्दपारी झाली तर जमीन जाते, आणि कर्ज फेडायला पुन्हा उत्तरेकडेच निघावं लागतं. गरिबी मोजताना हे कर्ज कुठल्याच आकड्यात दिसत नाही.

कर्ज फिटलं की घर. वेवेतेनांगोच्या डोंगरात मातीच्या विटांच्या घरांमधून मध्येच तीन मजली सिमेंटची इमारत उभी असते, निळ्या काचा, खांबांवर नक्षी, कुठे कुठे भिंतीवर अमेरिकेचा झेंडा रंगवलेला. आत बऱ्याचदा आई-वडील तळमजल्याच्या एका खोलीत राहतात. वरचे मजले मुलगा परत येईल तेव्हासाठी. २०२३ मध्ये परदेशातून ग्वाटेमालात सुमारे वीस अब्ज डॉलर आले, देशाच्या एकूण उत्पन्नाच्या जवळपास एक पंचमांश. इंडोनेशियातही अब्जावधी डॉलर येतात, पण त्या अर्थव्यवस्थेच्या आकारात ते साधारण एक टक्का, आणि त्यातला अमेरिकेचा वाटा छोटा.

२०२६ च्या सुरुवातीपासून अमेरिकेने परदेशी पाठवायच्या पैशावर एक टक्का कर लावला आहे, पण तो रोख, मनी ऑर्डर अशा मार्गांनी पाठवलेल्या रकमेवर. बँक खात्यातून किंवा अमेरिकन डेबिट-क्रेडिट कार्डावरून पाठवलं तर लागत नाही. कागद नसलेल्या मजुराचं खातं बहुधा नसतं. शुक्रवारी रोख मजुरी घेऊन तो कोपऱ्यावरच्या दुकानातल्या खिडकीत रांग लावतो. कर त्याला लागतो. पुण्याला आई-वडिलांना ॲपवरून पैसे पाठवणाऱ्याला बातमीसुद्धा कळत नाही.

सरकारांचं वागणंही याच हिशोबाने चालतं. ग्वाटेमालाच्या राष्ट्राध्यक्षाला, तो कुठल्याही पक्षाचा असो, वॉशिंग्टनशी जुळवून घ्यावं लागतं. हद्दपार केलेल्यांची विमानं उतरवून घ्यावी लागतात, कारण तिथली माणसं आणि त्यांचे पैसे दोन्ही अमेरिकेच्या हातात आहेत. इंडोनेशियाची चिंता वेगळ्या राजधान्यांत असते. २०१५ मध्ये सौदी अरेबियात दोन इंडोनेशियन घरकामगार बायकांना देहदंड दिल्यावर जकार्त्याने पश्चिम आशिया आणि उत्तर आफ्रिकेतल्या एकवीस देशांत घरकामगार पाठवायला बंदी घातली. न्यू हॅम्पशायरच्या मानादोकरांसाठी अशा पातळीवर कुणी भांडणार नाही. संख्या फार लहान आहे. त्यांच्यासाठी त्यांचं चर्च, एखादा वकील आणि बॉस्टनचं न्यायालय.